नेमबाजींत सल्ला कोणाचा मानावा?

नेमबाजीच्या मैदानावर छर्र्यांना पैसे पडतात, काडतुसांना पडतात, कागदी लक्ष्यांनाही पडतात. फुकट मिळतो तो फक्त सल्ला, आणि तो मुबलक मिळतो. नवा मुलगा एअर रायफल घेऊन उभा राहिला, कीं डावीउजवीकडून सूचना येऊं लागतात. एक म्हणतो, कोपर बरगडीला टेकव. दुसरा म्हणतो, छे, कमरेच्या हाडावर टेकव. घरीं गेल्यावर कधीं न पाहिलेलीं माणसें दूरध्वनीच्या पडद्यावरून त्यास तिसरेंच कांहीं सांगतात. २०१० सालीं म्यूनिक येथें विश्वविजेत्या ठरलेल्या तेजस्विनी सावंत कोल्हापूरच्या, २०१८ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या राही सरनोबत कोल्हापूरच्या, आणि २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलचें कांस्यपदक आणणारे स्वप्नील कुसाळे हेही त्याच जिल्ह्यांतील कांबळवाडीचे. आपल्याही मुलाच्या हातीं रायफल द्यावी असें वाटणारे आईबाप महाराष्ट्रांत आज आढळतात याचें नवल नाहीं. त्यांना पहिली निवड करावी लागते ती रायफलीची नव्हे, सल्लागाराची. रायफल चुकीची घेतली तर विकतां येते. चुकीची सवय अंगांत मुरली म्हणजे ती काढण्यांत वर्षें जातात, आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलापाशीं अशीं वर्षें फार नसतात.

इतकीं परस्परविरुद्ध मतें कां निघतात याचें एक कारण असें, कीं नेमबाजी या एका नांवाखालीं पांचसहा निरनिराळे खेळ नांदतात. नजर कोठें ठेवावी, हा अगदीं साधा प्रश्न घ्या. पिस्तूल खेळणारा सांगेल, माशीवर, म्हणजे नळीच्या पुढच्या टोंकाशीं असलेल्या उंचवट्यावर. लक्ष्य अंधुक दिसलें तरी चालेल, माशी मात्र स्पष्ट दिसली पाहिजे. त्याचें म्हणणें खरें आहे. मनुष्याचा डोळा जवळचें आणि दूरचें एकाच क्षणीं सारख्या स्पष्टपणानें पाहूं शकत नाहीं. आतां पिस्तुलाची माशी व मागची खांच यांच्यांत ३२ सेंटिमीटर अंतर आहे असें धरूं. हात हालून सबंध पिस्तूल सरळच्या सरळ ३ मिलिमीटर बाजूस गेलें, तर १० मीटरांवर छर्राही ३ मिलिमीटरच बाजूस जातो. पण माशी खांचेच्या मध्यापासून अवघी १ मिलिमीटर ढळली, तर तोच छर्रा ३१ मिलिमीटर ढळतो. आणि १० मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दोन वर्तुळांमध्यें ८ मिलिमीटर अंतर असल्यामुळें जवळजवळ चार गुण हातचे जातात. म्हणून जपावयाची ती माशी, हाताची थरथर नव्हे. हाच प्रश्न ट्रॅप खेळणाऱ्यास, म्हणजे हवेंत उडणारी तबकडी बंदुकीनें फोडणाऱ्यास, विचारून पाहा. तो म्हणेल, माशीकडे पाहाल तर तबकडी निसटलीच म्हणून समजा. डोळा तबकडीवरच हवा. तोही खरेंच सांगतो. ११० मिलिमीटर व्यासाची ती तबकडी वेगानें दूर जात असते, तिच्यावर एक गोळी नव्हे तर बारीक छर्र्यांचा झोत सोडावयाचा असतो, आणि बंदूक डोळ्याच्या मागोमाग फिरावी लागते. दोघेही जाणते, दोघेही प्रामाणिक. पण एकाचा सल्ला दुसऱ्याच्या शिष्यानें घेतला तर तो शिष्य बुडाला.

यावरून सल्लागाराची एक चांगली ओळख हातीं येते. तुम्ही कोणता प्रकार खेळतां, किती अंतरावरून, उभ्यानें कीं ओणव्यानें, डावखुरे आहांत काय, हें जो आधीं विचारतो त्याच्यापाशीं थांबावें. जो कांहींही न विचारतां उत्तर देऊं लागतो, तो तुमच्या प्रश्नाचें उत्तर देत नसून स्वतःच्या आठवणी सांगत असतो. आठवणी ऐकाव्या, चहाबरोबर त्या गोडही लागतात. पण त्यांवरून दस्त्याची लांबी बदलूं नये.

पिस्तूल शिकणाऱ्यांत एक चक्राकार तक्ता फार दिवसांपासून हातोहात फिरत आला आहे. लक्ष्याचे पाचरीसारखे भाग पाडून प्रत्येकावर दोष लिहिलेला असतो: छर्रा खालीं डावीकडे लागला, तर चापाला झटका दिला, वर लागला, तर मनगट उचललें, आणि असेंच पुढें. तक्ता सर्वस्वीं खोटा नाहीं. पण तो तयार झाला उजव्या हातानें, एकाच हातांत पिस्तूल धरून स्थिर लक्ष्यावर नेम धरणाऱ्यांसाठीं. डावखुऱ्यास तो आरशांतल्याप्रमाणें उलटा वाचावा लागतो. दोन्ही हातांनीं धरणाऱ्यास तो तसाच लागू करतां येत नाहीं. शिवाय माशी व खांच मुळांतच नीट बसविलेलीं नसतील, तर तक्ता निरपराध बोटाला दोष देत राहतो. आणि दोष काढावयाचा तो एका छिद्रावरून नव्हे, अनेक छिद्रें एकाच बाजूस पुनःपुन्हा पडत असतील तर. तक्ता पुढें फिरत गेला, त्याच्याबरोबरच्या अटी मागेंच राहिल्या. ऐकीव सल्ल्याची गत बहुधा अशीच होते. त्यांतला उपदेश लक्षांत राहण्याजोगा असतो, त्याच्या मर्यादा तशा नसतात.

आतां पुराव्याकडे वळूं, कारण सल्ला देणारा बहुधा पुरावाही दाखवितो. खिशांतून एक कागद निघतो. त्यावर तीन छिद्रें एकमेकांना चिकटलेलीं असतात. हे छर्रे वापरा, हा चाप बसवा, पाहा काय पुंजका आला! असा पुंजका डोळ्यांना मोठा मोहक दिसतो. परंतु तीन गोळ्यांची साक्ष फार दुबळी असते. पुंजक्याची रुंदी म्हणजे त्यांतील सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधलें अंतर. गोळ्या जितक्या अधिक माराव्या तितकें हें अंतर वाढतच जातें. गणितानें असें निघतें, कीं नेमबाज तोच, रायफल तीच, कौशल्यही तेंच, आणि गोळ्या सर्व दिशांना सारख्याच विखुरत असतांना, तीन गोळ्यांचा पुंजका सरासरीनें दहा गोळ्यांच्या पुंजक्याच्या शेंकडा ६३ इतकाच रुंद भरतो. म्हणजे दहा गोळ्यांत २० मिलिमीटर पसरणारी रायफल तीन गोळ्यांत १३ मिलिमीटरांची वाटूं लागते. ही तर नुसती सरासरी झाली. तीन गोळ्यांचे पुंजके आपापसांतही इतके कमीजास्त होतात, कीं पांच कागदांतून सर्वांत सुंदर तेवढा निवडून खिशांत ठेवला, तर कोणत्याही साधारण रायफलीला असामान्य ठरवितां येईल. असा कागद दाखविणारा मनुष्य लबाड असतोच असें नाहीं. उरलेले चार कागद त्याच्या मनांतून खरोखरच गेलेले असतात. तो प्रांजळपणें म्हणतो, त्या वेळीं वारा होता, ती एक गोळी मोजूं नका. म्हणून त्यास नम्रपणें विचारावें: गोळ्या किती मारल्या, अंतर किती, रायफल टेकविलेली होती कीं हातांत, आणि बाकीचे कागद कोठें आहेत? या शेवटच्या प्रश्नास राग न येतां उत्तर देणारे थोडे असतात. त्यांची मैत्री जोडावी.

कागदाहूनही अधिक भुरळ घालतें तें चित्र. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें तुर्कस्तानच्या युसुफ डिकेच यांनीं शेव्वाल इलायदा तारहान यांच्यासह १० मीटर मिश्र सांघिक एअर पिस्तुलांत रौप्यपदक मिळविलें. साधा चष्मा, एक हात खिशांत, डोळ्यावर झांकण नाहीं, भिंगांचा सरंजाम नाहीं, असें त्यांचें छायाचित्र जगभर झळकलें, आणि लागलीच निष्कर्ष निघाला, कीं हीं सारीं साधनें म्हणजे थोतांड. चित्रांत न दिसणाऱ्या गोष्टी कोणीं पाहिल्या नाहींत. डिकेच त्या वेळीं ५१ वर्षांचे होते, २००८ पासून पांच ऑलिंपिक खेळले होते. दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरणें त्यांच्या अंगवळणीं पडलें होतें. हात खिशांत घालणें तर त्या खेळांत नेहमींचेंच. मोकळा हात लोंबत राहून अंग हालवूं नये, एवढाच त्याचा उद्देश. हंगेरीच्या कारोय तकाच यांचा उजवा हात १९३८ सालीं हातबाँबच्या स्फोटांत निकामी झाला. त्यांनीं डाव्या हातानें सराव करून १९४८ व १९५२ या दोन्ही ऑलिंपिकमध्यें पिस्तुलाचें सुवर्णपदक जिंकलें. पण म्हणून उजव्या माणसांनीं डाव्या हातानें नेम धरावा असें कोणी म्हटल्याचें मीं ऐकलेलें नाहीं. डिकेच यांच्या बाबतींत मात्र नेमका तसलाच तर्क चालला.

मग पदकविजेत्यांचें ऐकावें कीं नाहीं? ऐकावें, पण ते काय सांगतात याहून ते काय करतात याकडे अधिक लक्ष द्यावें. कसलेल्या नेमबाजाचें बोट चाप कसा दाबतें हें त्या बोटाला ठाऊक असतें, जिभेला नेहमींच ठाऊक असतें असें नाहीं. मी अगदीं स्थिर असतों, असें तो मनापासून सांगतो. पण नळीच्या हालचालीची रेषा पडद्यावर काढून दाखविणारीं इलेक्ट्रॉनिक साधनें आतां सरावांत वापरतात, त्यांत त्याचीही नळी लहानशा वर्तुळांत सारखी फिरत असलेली दिसते. नवशिका मात्र ती ऐकलेली स्थिरता आणूं पाहतो, श्वास कोंडून धरतो, आठदहा सेकंदांत सोडावयाचा बार वीस सेकंद लांबवितो, आणि डोळा शिणल्यावर चाप ओढतो. म्हणून शिकविणाऱ्याची परीक्षा त्याच्या स्वतःच्या पदकांहून त्याच्या शिष्यांवरून करणें अधिक न्याय्य. कुसाळे यांच्या मार्गदर्शक दीपाली देशपांडे यांच्यासारख्या, ज्या स्वतः २००४ सालीं अथेन्स ऑलिंपिक खेळल्या, अशा व्यक्तींत दोन्ही गुण एकत्र भेटतात. तो योग सर्वत्र येत नाहीं. आणि शिष्यांकडे पाहतांनाही उत्तम शिष्यांकडे पाहूं नये, कारण ते कोठेंही चमकले असते. दोन-तीन वर्षांपूर्वीं जीं मुलें साधारण होतीं तीं आज कोठें आहेत, किती टिकलीं, किती खांदे किंवा पाठ दुखवून घरीं बसलीं, याची चौकशी करावी.

विकणाऱ्याच्या सल्ल्याविषयीं फार बोलण्याची गरज नाहीं. त्याचा हेतु उघड असतो, आणि उघड हेतूपासून सावध राहतां येतें. मात्र अमक्या छर्र्यासारखा छर्रा नाहीं, असें निःस्वार्थी मित्र सांगतो तेव्हां तोही फसवितो, हें विसरूं नये. ४.५ मिलिमीटरांच्या छर्र्यांत ४.४९, ४.५०, ४.५१ अशीं बारीक मापें मिळतात. एकाच नांवाच्या दोन घाण्यांतही फरक पडतो. आणि कोणता छर्रा चांगला हें त्या त्या नळीवर अवलंबून असतें. मित्राच्या नळीला मानवलेला डबा तुमच्या नळीला मानवेलच असें नाहीं. जाणते खेळाडू रायफल पकडींत घट्ट बसवून प्रत्येक डब्यांतले दहा-दहा छर्रे मारतात आणि मग निवड करतात.

येथवर प्रश्न गुणांचा होता. कांहीं सल्ल्यांत तो जिवाचा असतो, आणि तेथें माझें मत कठोर आहे. बंदूक रिकामी आहे, हें वाक्य कोणाच्याही तोंडचें मानूं नये, मग तो गुरु असो वा विश्वविजेता. कोठा उघडून स्वतः पाहावें. मोठ्या स्पर्धांत कोठ्यांत ठळक रंगाची सुरक्षापट्टी घालून ठेवावी लागते ती याचसाठीं. बोलतां बोलतां ज्याच्या नळीचें तोंड माणसांवरून फिरतें, त्याचें तांत्रिक ज्ञान कितीही असो, त्याच्यापासून दूर सरावें. अमेरिकेंत काडतुसें घरीं भरणारे पुष्कळ आहेत. तेथें दारूच्या वजनाचा आंकडा तोंडीं घेणें म्हणजे नळी फुटण्यास आमंत्रण, कारण नांवानें सारख्या वाटणाऱ्या दोन दारूंचा जोर अगदीं निराळा असूं शकतो. तो आंकडा दारू तयार करणाऱ्याच्या छापील कोष्टकांतूनच घ्यावा लागतो, आणि तोही खालच्या वजनापासून आरंभ करून. परवान्याची बाबही अशीच. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम यांचे मूळ शब्द पाहावे, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास विचारावें. परदेशांतल्या नेमबाजाचा अनुभव येथें कामाचा नाहीं.

राहतां राहिला प्रश्न, चांगल्या वाटणाऱ्या सल्ल्याची परीक्षा कशी घ्यावी. १० मीटर एअर रायफलच्या प्राथमिक फेरींत ६० बार असतात. तेंच माप सरावांत धरावें. आहे त्या पद्धतीनें निरनिराळ्या तीन दिवशीं ६०-६० बार मारून गुण लिहून ठेवावे. मग एकच गोष्ट बदलावी. जाकीट, छर्रे आणि उभें राहण्याची रीत एकदम बदलल्यास काय फळलें तें कळणार नाहीं. नव्या पद्धतीनें पहिला आठवडा गुण घटले तरी घाबरूं नये आणि वाढले तरी हुरळूं नये, कारण अंगाला नवें वळण पडावयाचें असतें. तिसऱ्या आठवड्यांत पुन्हा तीन दिवस तितकेच बार मारावे, आणि दोन्ही वेळचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडून सल्ला देणाऱ्यापुढें ठेवावे. कागदी लक्ष्यें वापरीत असाल तर तीं सर्वच्या सर्व, वाईट निघालेलींही, तारीख घालून पेटींत ठेवावीं, आणि त्या दिवशींचा छर्र्यांचा डबा कोणता होता तेंही मागें पेन्सिलीनें लिहावें.