गाडी तापली? आधी हीटर लावून पाहा



ट्रॅक्टरचा रेडिएटर आणि विहिरीवरचे इंजिन आपण वर्षानुवर्षे हाताळत आलो आहोत. पण घरची जुनी मोटार रस्त्यात तापली की भलेभले गोंधळतात. निम्मे लोक ‘आता आलंच गाव’ म्हणून गाडी तशीच दामटतात, उरलेले बोनेट उघडून तापलेल्या झाकणालाच हात घालतात. दोन्ही गोष्टी महागात पडतात.

गेल्या ऑक्टोबरात थोरल्या मामांना डोळ्यांच्या तपासणीसाठी मुंबईला न्यायचे होते. गाडी आमचीच, पेट्रोलवरची, वीस वर्षांची. समृद्धी महामार्गाने निघालो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि आपल्याला थेट भिवंडी तालुक्यात उतरता येऊ लागले. आमण्यापर्यंत काटा निम्म्यावर स्थिर होता. वडप्याहून नाशिक-मुंबई रस्त्याला लागलो आणि गोदामांकडे निघालेल्या कंटेनरच्या रांगेत अडकलो. मानकोली नाक्याच्या अलीकडे तर गाडी पावलापावलाने चालली. दुपारचे ऊन. काटा वर सरकू लागला.

मामा म्हणाले, “अरे, एवढी पळाली तेव्हा काही झालं नाही, अन् उभी राहिली तर तापली?”

मामांनी नकळत निदानच केले होते. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा रेडिएटर थंड करतो. गाडी उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. तेव्हा पळताना ठीक आणि गर्दीत गरम, तर आधी पंखा पाहावा. उलट, कसारा घाट चढताना किंवा वेगात तापत असेल तर रेडिएटर चोंदला आहे, पाणी कमी आहे, किंवा वॉटर पंप, थर्मोस्टॅट यांत बिघाड आहे असे समजावे. जुन्या पद्मिनी, अँबॅसेडरचा पंखा इंजिनवरच्या पट्ट्याने फिरे. पट्टा ढिला पडला की गाडी तापे. अलीकडच्या लहान गाड्यांत पंखा विजेवर चालतो. पाणी साधारण ९५ अंशांच्या आसपास गेले की तो आपोआप सुरू व्हायला हवा. आमचा झाला नव्हता.

आता हीटरची गोष्ट. हीटर म्हणजे आत बसवलेला छोटा रेडिएटरच. इंजिनातले गरम पाणी त्यातून फिरते. म्हणून गाडी तापू लागली की एसी बंद करावा, काचा खाली घ्याव्यात आणि हीटर पुरा लावावा. ऑक्टोबरच्या उन्हात हीटर! मामांनी माझ्याकडे असे पाहिले की विचारू नका. पण वारा कढत आला. याचा अर्थ पाणी शाबूत आहे आणि फिरते आहे, दोष पंख्याचा. इंजिनाची थोडी उष्णता हीटरने बाहेर काढली, काटा दोन रेघा उतरला. घाम पुसत पुढच्या गॅरेजपर्यंत पोचलो. पंख्याच्या जोडणीला गंज चढला होता. पोराने घासून बसवली, वीस मिनिटांत काम झाले.

पण हीटरमधून गार वारा आला असता तर? इंजिन तापलेले आणि हीटर गार, म्हणजे बहुधा हीटरपर्यंत पाणीच पोचत नाही. अशा वेळी एक फर्लांगही पुढे जाऊ नये. आमच्या शिवारातल्या एका सभासदाचा याच रस्त्यावर असा घात झाला. खालच्या होज पाइपची क्लिप सैल होऊन पाणी गळून गेले. काटा आधी चढला आणि मग खाली आला. त्यांना वाटले, निवली गाडी. वास्तविक काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच नीट सांगतो. पाणी गेल्यावर तो कोरडा पडला होता. शहापूरच्या आत गाडी बंद पडली. हेड वाकले, गॅस्केट जळाले, उसाच्या बिलातला चांगला हप्ता त्यात गेला.

दोष थोडा आमच्या मेस्त्री मंडळींचाही आहे. गाडी तापते म्हटले की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, हा सगळीकडचा रिवाज. ही झडप इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती काढली की थंडीत इंजिन गार चालते, पेट्रोल जास्त खाते आणि पहाटे हीटर कोमट वाराही देत नाही. मूळ रोग तसाच राहतो. थर्मोस्टॅट अडकल्याचा संशय असेल तर तो काढून भांड्यात पाणी तापवून बुडवावा. पाणी उकळायच्या आधी तो उघडला पाहिजे. न उघडल्यास नवा बसवावा.

रेडिएटर का चोंदतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको. कारखान्यात ज्यूस हीटरच्या आणि इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत खपली धरते आणि ती काढावी लागते, तसेच इथे बोअरच्या जड पाण्याने होते. शुद्ध पाणी आणि कुलंट, कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात, एवढेच घालावे. पण कारखान्यातला कॉस्टिक सोडा आणून गाडी धुवायचा प्रयोग कोणी करू नये. आताचे रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचे असतात आणि कॉस्टिक ॲल्युमिनियम खाऊन टाकतो.

राहिले झाकण. ते प्रेशर कुकरच्या झाकणासारखे आहे. दाबामुळे आतले पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण झाकण सैल केले की क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबावे. वरचा होज पाइप हाताला सोसेल इतका निवला की जाड ओले फडके ठेवून सावकाश फिरवावे. तापल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नये, हेडला तडा जातो.

मामांची वेळ साडेतीनची होती, आम्ही पोचलो सव्वाचारला. डॉक्टरांनी पाहिले. परतताना मामा म्हणाले, “हीटर नको रे आता, फक्त काचा खाली घे.”