पहाटे चारला दार कोण उघडणार?

समुद्रकिनाऱ्यावरच्या छोट्या शहरात मॅरेथॉन जाहीर झाली की नावनोंदणीपाठोपाठ मुक्कामाची शोधाशोध सुरू होते, आणि ती बहुतेक वेळा सहलीला निघाल्यासारखी होते. खोलीतून समुद्र दिसतो का, एसी आहे का, नाश्ता धरून भाडं किती, आधी राहून गेलेल्यांनी किती तारे दिलेत. चार दिवस मजेत काढायचे असतील तर हे प्रश्न रास्तच आहेत. पण रविवारी पहाटे शर्यतीच्या सुरुवातीला उभं राहायचं असेल, तर यांतल्या एकाही उत्तराचा फारसा उपयोग नाही. धावणाऱ्याला हवं असतं ते वेगळंच: शनिवारी संध्याकाळी सातला साधं जेवण, नऊनंतर शांतता, पहाटे चारला उघडणारं दार, अंधारात शर्यतीपर्यंत पोहोचण्याची खात्रीची सोय आणि परत आल्यावर आंघोळीला मोकळी खोली. मॅरेथॉनच्या शनिवार-रविवारी गावात जागाच मिळत नाही अशी ओरड होते. माझ्या मते टंचाई खोल्यांची कमी आणि या वेळापत्रकाची जास्त असते. म्हणून मुक्काम किलोमीटर आणि तारे पाहून नव्हे, तास पाहून शोधावा. आणि तसा शोधू लागलं की हॉटेलांपेक्षा घरं पुढे येतात.

रत्नागिरीचंच उदाहरण घेऊ. २०२४ च्या जानेवारीत तिथे कोकण कोस्टल मॅरेथॉन सुरू झाली. पाऊण लाखाच्या आसपास वस्तीचं हे शहर जिल्ह्याचं ठिकाण असल्यामुळे लॉज आणि हॉटेलं तिथे आहेत. पण मुंबई-पुण्याहून येणाऱ्याचा डोळा असतो तो गणपतीपुळ्यावर. नकाशात ते जवळच दिसतं. आरे-वारेच्या किनारी रस्त्यानं जेमतेम २५ किलोमीटर. शनिवारी दुपारी हा प्रवास सुरेखच. पण तोच प्रवास रविवारी पहाटे, वळणावळणाच्या अंधाऱ्या घाटीतून, रिकाम्या पोटी आणि घड्याळाकडे पाहत करायचा म्हटलं की त्याचं माप बदलतं. जानेवारीत रत्नागिरीत सूर्य सातनंतर उगवतो, आणि दमट हवेत ऊन चढायच्या आत धावून व्हावं म्हणून किनाऱ्यावरच्या शर्यती उजाडण्याच्या सुमारासच सुटतात. गाडी लावणं, पिशवी जमा करणं, शौचालयाची रांग, अंग मोकळं करणं यासाठी तासभर धरला, तर २५ किलोमीटरवरच्या माणसाला तीन-साडेतीनला उठावं लागतं. शहरात चालत पंधरा मिनिटांवर राहणारा तासभर जास्त झोपतो. समुद्राच्या दर्शनाची किंमत त्या रात्री एक तास झोप इतकी पडते.

त्यात कोकणची भूमी सरळ मापात बसणारी नाही. दर काही मैलांवर खाडी आडवी येते आणि पलीकडच्या गावाला जायला एखादाच पूल असतो. रत्नागिरीच्या दक्षिणेला काजळी नदीचं मुख, त्यावरचा भाट्याचा पूल, पलीकडे भाट्ये, फणसोप, गोळप आणि पुढे पावस. पावसला स्वस्तात उत्तम सोय झाली म्हणून कुणी खूश असेल, पण शर्यतीचा मार्गच जर त्या पुलावरून जात असेल, तर पूल वाहनांना किती वाजता बंद होणार हे कळेपर्यंत त्या खोलीची खरी किंमत कळत नाही. परतीचंही तसंच. बंद रस्त्याच्या आतल्या बाजूला राहिलात तर चालत शर्यतीला जाल खरे, पण तुमची गाडी शेवटचा धावपटू परतेपर्यंत जागची हलणार नाही. दोन्हींतलं काय परवडतं ते ज्यानं त्यानं ठरवावं. मात्र त्यासाठी मार्गाचा नकाशा आणि रस्ता बंद असण्याच्या वेळा हाताशी हव्यात. आणि मोठ्या शहरातल्या सवयीनं पहाटे ॲपवर टॅक्सी मागवता येईल हा भरवसा छोट्या गावात धरू नये. रिक्षावाल्याशी आदल्या संध्याकाळी बोलून, शक्य तर त्याला मुक्कामाचं दार दाखवून ठेवणं बरं.

यावर काही जण म्हणतील, मुक्काम हवाच कशाला? शनिवारी रात्री निघावं, पहाटे पोहोचावं, धावावं आणि परतावं. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला कित्येक पुणेकर तसंच करतात. पण सातारा पुण्याहून हमरस्त्यानं दोन-अडीच तासांवर आहे, आणि कोकणाला तो हिशेब लागू नाही. मुंबईहून रत्नागिरी सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे, पुण्याहूनही तीनशेच्या आसपास आणि वाटेत घाट. रात्री अकराच्या सुमारास मुंबईहून सुटणारी कोकणकन्या रत्नागिरीत पोहोचते तेव्हा पहाट झालेली असते, आणि स्टेशन गावात नाही, बाहेर कुवारबावच्या बाजूला आहे. शिवाय शनिवारी बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, घ्यायला हजर राहावं लागतं. शर्यतीच्या दिवशी बिब न देण्याची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी रुळली आहे. धावण्याचे प्रशिक्षक आणखी एक गोष्ट सांगतात: शर्यतीच्या आदल्या रात्री झोप थोडीफार उडाली तरी चालून जातं, त्याच्या आदल्या रात्रीची मात्र चुकवू नये. म्हणजे शुक्रवारची झोप महत्त्वाची. ती बसमध्ये किंवा स्टिअरिंगमागे घालवून शनिवारी सकाळी पोहोचणारा माणूस एका रात्रीचे पैसे वाचवतो आणि सहा महिन्यांचा सराव पणाला लावतो.

तास मोजायचे, अंतर नव्हे, हे कॅलिफोर्नियातली बिग सर मॅरेथॉन फार स्पष्ट दाखवते. १९८६ साली सुरू झालेली ही शर्यत एप्रिलच्या अखेरीस होते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक आणि मधून जाणारा हायवे वन हा एकच रस्ता. बिग सरपासून सुटायचं आणि कार्मेलला पोहोचायचं. सुरुवातीच्या ठिकाणी राहायला जागा अगदी मोजकी, रस्ता बंद. म्हणून आयोजक धावपटूंना मॉन्टेरे आणि आसपासच्या थांब्यांवरून अंधारातच बसनं नेतात. स्वतःची गाडी घेऊन सुरुवातीला जाताच येत नाही. परिणाम असा की तिथे सुरुवातीच्या जागेजवळ खोली शोधण्याचा आटापिटा बहुतेकांना करावाच लागत नाही. बसच्या थांब्याजवळ राहिलं की झालं. चाळीस किलोमीटरचं अंतर आयोजकांनी एका थांब्यावर आणून ठेवलं. आणखी एक धडा तिथलाच. २०११ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये शर्यतीच्या काही आठवडे आधी रॉकी क्रीकपाशी रस्ता खचला. दोन्ही वेळा शर्यत झाली, पण मार्ग बदलून, कार्मेलच्या बाजूनं जाऊन-येऊन. मूळ नकाशा पाहून न परतणाऱ्या पैशांत खोली घेतलेल्यांचं गणित अशा वेळी कोलमडतं. आपल्याकडे पोलिसांची परवानगी आणि रस्त्याची कामं यांपायी मार्ग उशिरा पक्का होतो, तेव्हा रद्द करता येणारी खोली थोडी महाग पडली तरी ती घ्यावी.

छोट्या हॉटेलांची मोठी अडचण चेक-आउटची. कोकणात सकाळी दहा-अकराला खोली सोडायची पद्धत सर्रास आहे, आणि रविवारी पुढचं गिऱ्हाईक दारात उभंच असतं. सहाला सुटलेल्या शर्यतीत २१ किलोमीटर अडीच तासांत पार करणारा साडेआठला थांबतो. पदक, पाणी, फोटो, गर्दीतून परतणं धरून दहा वाजतात. मग पाच मिनिटांत आंघोळ आणि ओले कपडे पिशवीत. त्याहून हळू धावणाऱ्याला तेवढंही मिळत नाही. म्हणून एका रात्रीचं भाडं पाहून केलेली तुलना फसवी असते. खरी तुलना दोन रात्रींच्या भाड्याची किंवा दुपारी बारापर्यंत खोली ठेवण्याच्या जादा पैशांची. परतीच्या गाडीचाही त्याच्याशी संबंध आहे: मुंबईकडे जाणारी मांडवी दुपारी, जनशताब्दी संध्याकाळी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे खोली आधी आणि तिकीट मागून असा उलटा क्रम झाला आहे. खोली घेतानाच दोन्ही गाड्यांच्या वेळा मनात धराव्यात.

आता घरांकडे. कोकणात गर्दी सामावून घेण्याचं तंत्र हॉटेलांच्या कितीतरी आधीपासून आहे. गणपतीला आणि शिमग्याला लाखो चाकरमानी गावी जातात. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख ठरली की मालवण तालुक्यातली घरं पाहुण्यांनी भरतात. ओटीवर, पडवीत, माजघरात अंथरुणं पडतात आणि पहाटेचा चहा सांगावा लागत नाही. हॉटेलच्या पाळीत पहाटे चारला रिसेप्शनवरचा मुलगा बाकड्यावर गाढ झोपलेला असतो. घरात आजी उठलेलीच असते. जेवणाचंही तेच. शनिवारी रात्री हॉटेलात सुरमई थाळीचा मोह होतो, तिखट रस्सा आणि सोलकढी पोटात जाते आणि रविवारी त्याचा हिशेब पाचव्या किलोमीटरला द्यावा लागतो. धावणाऱ्याला हवा मऊभात, वर तूप-मेतकूट, सोबत पापड आणि लिंबाची फोड. हे कुठल्याही मेनूकार्डावर नसतं आणि कोकणातल्या कुठल्याही घरात अर्ध्या तासात होतं. राज्याची न्याहारी निवास योजना नेमकी अशाच घरांसाठी आहे: मालक स्वतः राहतो त्या घरातल्या काही खोल्या नोंदणी करून पाहुण्यांना द्यायच्या.

घरांवर आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. ऐनवेळी घरमालकाच्या नात्यात काही निघालं तर खोली रद्द होते. वीज गेली तर इन्व्हर्टर असेलच असं नाही. चार धावपटूंना एक बाथरूम असेल तर पहाटेची रांग शर्यतीआधीच सुरू होते. जानेवारी लग्नसराईचा, शेजारच्या मांडवातला आवाज कुणाच्या हातात नसतो. पण आवाज आणि ऐनवेळी रद्द होणं सोडलं तर यांतली प्रत्येक गोष्ट आधी विचारून कळते, आणि फोनवर थेट मालकाशी बोलता येतं हा घराचा फायदाच आहे. हॉटेलच्या मॅनेजरनं फोनवर ‘हो, हो’ म्हटलेलं पहाटेच्या पाळीपर्यंत पोहोचत नाही. परदेशी पारपत्र असलेल्या मराठी मंडळींनी मात्र एक लक्षात ठेवावं: परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत सरकारला कळवणं यजमानावर बंधनकारक आहे. त्याची कल्पना नसलेलं घर ऐनवेळी कचरतं.

दरवाढीची तक्रार जास्त अवघड आहे. त्या दोन रात्री घरवालेही दुप्पट मागतील, मग हॉटेल काय वाईट? मागतील, आणि बाजाराचा विचार केला तर ते गैरही नाही. मुंबईकर विमानाला तिप्पट देतो तेव्हा कुरकुरत नाही. याला उपाय नवी हॉटेलं बांधणं नव्हे. वर्षातल्या एका शनिवार-रविवारसाठी बांधलेल्या खोल्यांचं चार महिन्यांच्या पावसात करायचं काय? उपाय आयोजकांच्या हातात आहे. त्यांनी संकेतस्थळावर हॉटेलांची यादी चिकटवून हात झटकू नयेत. नावनोंदणी उघडतानाच सुरुवातीची जागा, बिबवाटपाची जागा आणि रस्ता बंद असण्याच्या वेळा जाहीर कराव्यात. गावातली घरं दोन रात्रींच्या ठरलेल्या दरानं आणि बारा वाजताच्या चेक-आउटनं एकत्र करावीत. आणि पुळे-पावससारख्या ठिकाणांहून पहाटेची एसटी किंवा खासगी बस सोडावी. बिग सरला हे जमतं ते पैशामुळे नव्हे. तिथे रस्ता एकच असल्यामुळे दुसरा इलाजच नव्हता. कोकणातही बहुतेक ठिकाणी रस्ता एकच आहे.

राहता राहिला सोबत येणाऱ्यांचा प्रश्न. बायको-मुलं, आई-वडील धावायला आलेले नसतात. त्यांना समुद्र हवा आणि शहराच्या गल्लीतल्या घरात शनिवार काढायला सांगणं अन्यायाचंच. यावर मुक्कामाची फाळणी करणं हा सोपा मार्ग आहे, आणि कोकणात तो स्वस्तही पडतो. शुक्रवार-शनिवार शहरातल्या घरात. रविवारी दुपारी रस्ते उघडले की सामान गाडीत टाकून गणपतीपुळ्याला, आणि सोमवारची रजा आधीच मंजूर करून घ्यायची. रविवारी दुपारनंतर सहलीची गर्दी मुंबई-पुण्याकडे वळलेली असते, तेव्हा शनिवारी मिळत नव्हती ती समुद्रासमोरची खोली रविवारी रात्री सहसा मिळते, तीही घासाघीस करून. फक्त ती तळमजल्यावरची मागावी. २१ किलोमीटर धावलेल्या मांड्यांना जिना उतरताना जे वाटतं, त्यापुढे बाल्कनीतला सूर्यास्त फिका पडतो.