कार्यालय खर्चाचा रकाना

देणगीदाराला नाव रंगवता येईल अशी वस्तू आवडते, हे संस्थेत आल्या-आल्याच माझ्या लक्षात आलं. पंखे, पाण्याची टाकी, सतरंज्या, बालवाडीची बाकडी, शिलाई यंत्रं, सगळ्यांवर तैलरंगात ‘यांच्या स्मरणार्थ’ लिहिलेलं. ज्या लोखंडी कपाटात व्हाउचर ठेवतो, त्याच्या दारावरही एका घराण्याचं नाव आहे. आतल्या फायली, पावतीपुस्तकांची छपाई, रेव्हेन्यू स्टॅम्प, वसमतला जाण्या-येण्याचं भाडं आणि हे सगळं सांभाळणाऱ्या माणसाचा पगार, यांसाठी मात्र कुणाचे आजोबा कधी वारले नाहीत.

कुरुंदा हे वसमत तालुक्यातलं मोठं गाव. ऊस, केळी, हळद. टोकाईचा गड आणि त्याच देवीच्या नावाचा साखर कारखाना. संस्था मात्र लहान. बालवाडी, बचत गट, कर्त्या शेतकऱ्याचं निधन झालेल्या घरातल्या मुलींच्या शिक्षणाला मदत, उन्हाळ्यात जमेल तेवढं पाण्याचं काम. २००६ साली बी.कॉम. करून मी इथं ‘हिशेब लिहायला’ आले. हिंगोली स्वतंत्र जिल्हा होऊन सात वर्षं झाली होती, तरी आमच्या नोंदणी क्रमांकापुढे कंसात परभणीच होतं आणि जुन्या लेटरहेडवर ‘मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०’ असं छापलेलं होतं. त्या कायद्याच्या नावातलं मुंबई जाऊन महाराष्ट्र यायला आणखी काही वर्षं लागली. आम्ही उरलेली लेटरहेड पाठकोरी म्हणून वापरली.

सचिव निवृत्त शिक्षक होते, त्यांना सगळे गुरुजीच म्हणत. कीर्द आणि खतावणी मी कॉलेजात शिकले होते, इतिवृत्त लिहायला त्यांनी शिकवलं. दोन ठरावांच्या मध्ये कोरी जागा सोडायची नाही. खाडाखोड झाली तर शेजारी अध्यक्षांची सही. सूचक आणि अनुमोदक दोघंही सभेला हजर असायला हवेत. हे शेवटचं वाचून हसू येईल, पण गैरहजर माणसाच्या अनुमोदनावर लटकलेले ठराव मी इतर संस्थांच्या वह्यांत पाहिले आहेत.

या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम पैशाचं नाही, बदल अर्जाचं. विश्वस्त वारला, राजीनामा दिला किंवा नवा निवडला, की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात कळवायचं, हे विश्वस्त कायद्याचं कलम २२ सांगतं. सभेची नोटीस, ती मिळाल्याच्या सह्या, इतिवृत्ताची प्रत, नव्या विश्वस्ताचं संमतिपत्र, शपथपत्र आणि वारलेल्याचा मृत्यू दाखला. तेराव्याच्या आधी त्या घरी दाखला मागायला जाणं बरं दिसत नाही, आणि कायद्याचे दिवस तर आधीच सुरू झालेले असतात. मी सांत्वनाला जायची, चहा घ्यायची आणि उठता उठता थोरल्या मुलाला बाजूला घेऊन विचारायची, “दादा, ग्रामपंचायतीतून दाखला काढला का?” एकदा एका वहिनींनी मला तोंडावर सुनावलं की तुमच्या संस्थेला माणूस गेल्याचं दुःख नाही, कागदाचं आहे. मी काहीच बोलले नाही. पण हा अर्ज राहिला, तर धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर मेलेला माणूस विश्वस्त म्हणून जिवंत राहतो, बँक सह्या बदलून देत नाही, आणि पुढे दोन गट पडले की दोघंही तोच जुना उतारा घेऊन वकिलाकडे जातात. चांगलं चाललेलं काम असं अडकून पडलेल्या संस्था मराठवाड्यात शोधाव्या लागत नाहीत.

दुसरी कुतरओढ गुप्तदानाची. मार्च-एप्रिलपासून वसमतच्या मोंढ्यात हळद विकली जाते. पट्टी हातात पडली की एखादा शेतकरी परस्पर संस्थेत येतो आणि टेबलावर नोटा ठेवतो. “नाव नका लिहू ताई, देवाला माहीत हाय.” हा आपल्याकडचा जुना संस्कार, आणि माझ्या मते थोर. पण मी रुजू झाले त्याच वर्षी आयकर कायद्यात निनावी देणग्यांवरचं कलम आलं. ठरावीक मर्यादेपलीकडच्या निनावी रकमेवर ३० टक्के कर. निव्वळ धार्मिक संस्थांना त्यातून सूट, म्हणजे देवळाच्या दानपेटीला नाव विचारलं जात नाही, बालवाडीच्या डब्याला विचारलं जातं. मी माणसाला समजवायची की नाव-पत्ता फक्त रजिस्टरात राहील, फलकावर येणार नाही. काही ऐकायचे, काही नोटा उचलून गडावर जायचे.

पुढे देणग्यांचे नियम आणखी कडक झाले. १ एप्रिल २०१७ पासून दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीला ८०जी कलमाची करसवलत राहिली नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही, तेव्हा शेतकऱ्याला त्या सवलतीशी देणंघेणं नव्हतं. पण गावातले व्यापारी आणि मास्तर लोक तेवढ्यासाठीच पावती मागतात. २०२१-२२ पासून तर प्रत्येक देणगीदाराच्या ओळखपत्राच्या क्रमांकासह यादी ३१ मेपर्यंत ऑनलाइन भरायची, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. “हजार रुपये द्यायला आधार काहून लागतंय?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला समोरच्याला वेळ नसे.

कंपन्यांच्या पैशाचा गाजावाजा २०१४ पासून. त्या वर्षीच्या १ एप्रिलला सीएसआरची सक्ती आली: ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. आम्ही आनंदाने प्रस्ताव लिहिले. मग कायद्यातली पुढची ओळ वाचली: कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य. कारखाने चाकणला आणि वाळूजला, आम्ही हिंगोली जिल्ह्यात. जे काही आलं त्यासोबत तक्ते आले, जिओटॅग केलेले फोटो आले, आणि प्रस्तावाच्या शेवटी तो रकाना: प्रशासकीय खर्च. २०२१ च्या नियमांनी कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनाला पाच टक्क्यांची मर्यादा घातली आहे. ती कंपनीसाठी आहे, संस्थेसाठी नाही; पण समोरचा अधिकारी तोच आकडा आमच्यावर फिरवतो आणि आम्ही मान डोलावतो.

खरा घाव बसला सप्टेंबर २०२० मध्ये, करोनाच्या ऐन धामधुमीत. परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. त्या कायद्याखालची नोंदणी आमच्याकडे होती, पण आम्हाला कुठला परदेशी दाता थेट ओळखणार? पैसा यायचा तो पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेमार्फत, आणि एका संस्थेने दुसरीला असा निधी द्यायलाच आता बंदी झाली. खातंही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच हवं. शिवाय प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. ५० टक्के आम्ही कधीच खर्च केले नव्हते, आणि गैरवापर करणारेही होते, हे मान्य. पण यातली गंमत व्याख्येत आहे. वस्तीवर फिरून बायकांना प्रशिक्षण देणाऱ्या कार्यकर्तीचा पगार कार्यक्रमात बसतो. तिचं पगारपत्रक, तिचं प्रवासबिल आणि तिच्या कामाचं उपयोगिता प्रमाणपत्र तयार करणारीचा पगार प्रशासनात. कामावर देखरेख हवी म्हणून नियम वाढवायचे आणि देखरेखीच्या खर्चाला कात्री लावायची, असं हे गणित. आमच्या क्षेत्रात यावरचा तोडगा सगळ्यांना ठाऊक आहे: हिशेबनीसाला ‘प्रकल्प समन्वयक’ म्हणायचं.

त्याच सुमाराला ८०जीची आणि संस्थेच्या स्वतःच्या करमाफीची, म्हणजे १२एची, कायमची प्रमाणपत्रं रद्द होऊन दर पाच वर्षांनी नव्याने अर्ज करायची पद्धत आली. पोर्टलवर ओटीपी जायचा अध्यक्षांच्या मोबाइलवर, अध्यक्ष केळीच्या बागेत, बागेत रेंज नाही. शिपाई मोटारसायकलवर जाऊन त्यांना बांधावर आणायचा, तोवर ओटीपी मुदतबाह्य. (लहान संस्थांना २०२५ च्या वित्त कायद्याने १२एची मुदत दहा वर्षांची करून दिली. उशिरा का होईना.)

जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टी झाली आणि कुरुंद्यात पुराचं पाणी शिरलं. घरंच्या घरं भिजली, धान्य गेलं. आमच्या कार्यालयात पाणी कपाटाच्या खालच्या खणापर्यंत आलं. नंतर वह्या दोरीवर वाळत घातल्या तेव्हा दिसलं की बॉलपेनने लिहिलेलं सगळं शाबूत आहे आणि गुरुजींच्या शाईपेनातली सुरुवातीच्या वर्षांची इतिवृत्तं निळी धूसर झाली आहेत. ऑडिटसोबत धर्मादाय कार्यालयात दिलेल्या प्रती होत्या, त्यांवरून काही जुळवता आलं, सगळं नाही.

त्या आठवड्यात किराणा आणि चादरींचं वाटप होतं. नियमाप्रमाणे प्रत्येकाची सही आणि ओळखपत्राची प्रत हवी. ज्यांचं आधार कार्ड धान्याच्या कोठीसोबत वाहून गेलं, त्यांच्याकडे प्रत कुठून मागायची? मी मस्टरसारखा कागद आखला: नाव, गल्ली, घरात माणसं किती, काय दिलं, अंगठा. शाईचं पॅड ओलं होऊन फुगलं होतं, अंगठे मोठे मोठे उमटले. शेवटी ओळखीच्या दोन साक्षीदारांच्या सह्या. वर्षअखेर लेखापरीक्षकाने अपेक्षेप्रमाणे बोट ठेवलं, तेव्हा तलाठ्याच्या पंचनाम्याची यादी काढून एकेक नाव जुळवून दाखवलं. त्यांनी शेरा मागे घेतला. या नोकरीत मला काय येतं असं कुणी विचारलं, तर तो कागद दाखवेन.

गुरुजी आता नाहीत. त्यांचा बदल अर्ज मीच मुदतीत दिला. शेजारच्या खुर्चीवर एक नवी मुलगी बसते, टॅली तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं, आवक-जावक रजिस्टरचा कंटाळा करते.

या वर्षीच्या अंदाजपत्रकात ‘कार्यालय व हिशेब’ हे शीर्ष पहिल्यांदा वेगळं मांडलं, कुठल्या प्रकल्पाच्या पोटात न घालता. सभेत एका सदस्याने आकडा पाहून विचारलं, “एवढे पैसे नुसते कागदाला?” मी वर्षभरात भरलेल्या विवरणपत्रांची यादी वाचून दाखवली, ती मध्येच थांबवून त्यांनी चहा मागवला. ठराव मंजूर झाला, रक्कम एक तृतीयांश कापून. कापलेली रक्कम हळदीच्या हंगामात गावातल्या देणग्यांतून उभी करायची ठरलं. त्या पावत्यांवर ‘कार्यालय खर्चासाठी’ असा शिक्का मारावा की मारू नये, यावर एकमत झालं नाही. तो विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे.