नाव दिसावे, नाद दबू नये

गाण्याच्या कार्यक्रमात गायक मंचभर फिरतो, गिटारवादक जागा बदलतात; पण पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत एकाच जागी राहतो तो मागे मधोमध ठेवलेला बास ड्रम. त्याचे पुढचे गोल तोंड साधारण २२ इंच व्यासाचे असते आणि ते थेट प्रेक्षकांकडे वळलेले असते. बँडचे नाव लिहायला मंचावर याहून चांगली जागा नाही. पूर्वी हे नाव कुंचल्याने रंगवले जाई. आता ते बहुधा व्हिनाइलच्या कापलेल्या अक्षरांत चिकटवले जाते. वरवर पाहता हे काम मोटारसायकलच्या नंबरप्लेटइतके सोपे वाटते. मात्र नंबरप्लेटला आवाज नसतो, ड्रमच्या पडद्याला असतो. चुकीची शीट, चुकीची जागा किंवा कामातील घाई यांमुळे नाव तर उचकटतेच, शिवाय ड्रमचा नादही बसतो.

कुंचल्यापासून प्लॉटरपर्यंत

ड्रमच्या तोंडाचा फलकासारखा उपयोग करण्याची पद्धत जुनी आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेतील नृत्यगृहांत वाजवणाऱ्या वाद्यवृंदांच्या बास ड्रमवर निसर्गदृश्ये रंगवलेली असत आणि ड्रमच्या आत विजेचा दिवा लावलेला असे. दिव्यामुळे चित्र उजळे आणि त्याच्या उबेमुळे वासराच्या कातड्याचा पडदा दमट हवेत सैल पडत नसे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी पॉलिएस्टर फिल्मचे पडदे बाजारात आणले आणि कातडे मागे पडले. हवामानाची चिंता मिटली. पण गुळगुळीत प्लास्टिकवर रंग धरेना, ही नवी अडचण उभी राहिली.

या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध अक्षरे ‘बीटल्स’ची. लंडनमधील ‘ड्रम सिटी’ या दुकानाचे मालक आयव्हर आर्बिटर यांनी १९६३ मध्ये रिंगो स्टार यांच्या लुडविग ड्रमसाठी ‘बी’ मोठा आणि ‘टी’ खाली उतरलेला, अशी नावाची रचना केली. ती पडद्यावर उतरवली एडी स्टोक्स या फलक रंगवणाऱ्या कारागिराने. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेला गेले तेव्हा ड्रमचा नवा संच न्यूयॉर्कमध्येच मिळाला. लंडनहून सोबत नेला तो नाव रंगवलेला पुढचा पडदा. ९ फेब्रुवारीच्या ‘एड सलिव्हन शो’मध्ये तो सुमारे ७ कोटी ३० लाख प्रेक्षकांनी पाहिला. २०१५ मध्ये लिलावात त्याच पडद्याला २१ लाख डॉलरहून अधिक किंमत आली.

रंगाची जागा व्हिनाइलने घेतली ती १९८० च्या दशकात संगणकाच्या आज्ञेवर चालणारी प्लॉटर यंत्रे फलकांच्या दुकानांत आल्यानंतर. यंत्रातील बारीक पाते शीटवर अक्षरांची कड कापते. नको असलेला भाग चिमट्याने सोलून काढला की चिकटवण्याजोगी अक्षरे उरतात.

पडदा कोणता, वजन किती

बास ड्रमला दोन पडदे असतात. पेडलचा ठोका ज्यावर पडतो ते बॅटर हेड आणि प्रेक्षकांच्या बाजूचे ते रेझोनंट हेड. नाव चिकटवायचे ते केवळ दुसऱ्यावर. ठोक्याच्या पडद्यावर लावलेले व्हिनाइल थोड्याच दिवसांत सोलवटते. रेझोनंट हेडवर ठोका पडत नाही. परंतु आतल्या हवेच्या दाबाने ते थरथरत असते आणि ड्रमच्या आवाजाची लांबी व खोली बऱ्याच अंशी तेच ठरवते.

स्टिकरचा प्रश्न मुख्यतः वजनाचा आहे. २२ इंची, २५० मायक्रॉन जाडीचा साधा पडदा सुमारे ८५ ग्रॅम भरतो. त्यावर १०० मायक्रॉन जाडीची व्हिनाइल शीट कडेपर्यंत लावली, तर गोंदासह ४० ग्रॅमच्या आसपास भर पडते. म्हणजे पडद्याचे वजन जवळपास निम्म्याने वाढते. ताण तोच ठेवून पडदा जड केला की त्याचा स्वर उतरतो. शिवाय मऊ व्हिनाइल कंपने शोषून घेते आणि गुंज लवकर विरते. हेच नाव सुट्या अक्षरांत कापून पडद्याचा चौथा हिस्साच झाकला, तर भर केवळ १० ग्रॅमची पडते आणि फरक कानाला जेमतेम जाणवतो.

पडद्यावर वजन ठेवल्याने नाद बदलतो, हे महाराष्ट्रातील श्रोत्यांना नवीन नाही. तबल्याच्या पुडीवरील शाई म्हणजे असेच वजन. या वजनामुळे पडद्याचे विस्कळीत उपस्वर सुरेल प्रमाणात कसे येतात, याचे विवेचन सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात केले होते. फरक इतकाच, की शाई पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने, थरावर थर घोटून, नेमक्या जागी बसवलेली असते; स्टिकर लावणाऱ्याने बहुधा वजनाचा विचारच केलेला नसतो.

अर्थात पूर्ण चित्र नेहमीच त्याज्य ठरते असे नाही. रॉक संगीतात बास ड्रमचा ठोका आखूड आणि कोरडा हवा असतो; त्यासाठी कित्येक वादक ड्रममध्ये उशीही ठेवतात. तेथे थोडी गुंज कमी झाली तरी बिघडत नाही. जॅझसाठी वापरल्या जाणाऱ्या १८ इंची, मोकळ्या आवाजाच्या ड्रमवर मात्र पूर्ण शीट हा अत्याचारच ठरतो. रंगीत चित्र हवेच असेल, तर ते थेट पडद्यावर छापून घेणे अधिक चांगले. शाईचा थर व्हिनाइलपेक्षा कितीतरी पातळ असतो.

‘रेडियम’ आणि शिरोरेखा

आपल्याकडे कोणत्याही कापीव चिकट शीटला सरसकट ‘रेडियम’ म्हटले जाते. नंबरप्लेटच्या दुकानात मागणी करताना म्हणूनच थोडी सावधगिरी हवी. रात्री चमकणारी परावर्तक शीट जाड व ताठ असते. ती ड्रमसाठी घेऊ नये. साध्या व्हिनाइलचे दोन प्रकार आहेत. रुळांतून लाटून काढलेले व्हिनाइल स्वस्त, पण ७५ ते १०० मायक्रॉन जाड असते. कालांतराने ते आकसते आणि अक्षरांच्या कडेला गोंदाची काळपट रेघ उरते. ओतीव व्हिनाइल सुमारे ५० मायक्रॉनचे असते. ते महाग असले तरी आकसत नाही आणि हलकेही असते.

मराठी नावाबाबत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. संगणकावर देवनागरी अक्षरे जोडलेली दिसली तरी प्रत्येक अक्षराची शिरोरेखा पुढच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. रेखाचित्रात हे आकार एकजीव केले नाहीत, तर प्लॉटरचे पाते प्रत्येक जोडावर कापत जाते आणि शिरोरेखेचे तुकडे होतात. एकजीव केल्यावर मात्र शिरोरेखेमुळे पूर्ण शब्द एकसंध निघतो आणि तो सरळ बसवणेही सोपे जाते. सुटे अनुस्वार आणि बारीक टोके जितकी कमी, तितके नाव अधिक टिकते. अक्षरांच्या उंचीसाठी फलक रंगवणाऱ्यांचा जुना हिशेब उपयोगी पडतो : दहा फूट अंतरासाठी एक इंच.

चिकटवण्याची रीत

पडदा गुळगुळीत असावा. खरखरीत लेप असलेल्या पडद्यावर व्हिनाइल नीट धरत नाही. पडदा ड्रमवर चढवून, सुरकुत्या जाईपर्यंत ताणून मगच काम सुरू करावे. सैल पडद्यावर लावलेले नाव पुढे ताण देताना कडेला उचकटते. हाताचे तेल जावे म्हणून पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करावा. समोरासमोरच्या ताणाच्या स्क्रूंवरून दोन दोरे आडवे-उभे बांधले की मध्य सापडतो. नाव सरळ आहे की नाही हे ड्रम त्याच्या पायांवर उभा करून पाहावे. आडव्या ड्रमवर नजर फसते.

नावाचा कागद आधी चिकटपट्टीने जागेवर टेकवून घ्यावा. मग पाण्यात बाळांच्या शांपूचे दोन-चार थेंब टाकून पडद्यावर फवारा मारावा. ओलाव्यामुळे अक्षरे लगेच धरत नाहीत आणि सरकवता येतात. जागा पक्की झाल्यावर प्लास्टिकच्या पट्टीने मधून कडेकडे पाणी काढत जावे. उरलेला बुडबुडा सुईने टोचून दाबावा. मात्र टोचायचे ते व्हिनाइलला, पडद्याला नव्हे. काठापासून दीड-दोन इंच जागा मोकळी सोडावी, कारण तेथे पडदा वाकतो. मायक्रोफोनसाठी भोक असेल तर रचना त्याला वळसा घालणारी हवी. त्यानंतर किमान एक दिवस ड्रम वाजवू नये.

भाड्याच्या ड्रमवर स्वतःचे नाव

महाविद्यालयीन महोत्सवांत आणि क्लबांत ड्रम बहुधा भाड्याचा असतो. दोन बँडच्या मध्ये मिळतात जेमतेम दहा-पंधरा मिनिटे. अशा वेळी परक्या पडद्यावर नाव चिकटवून मालकाशी वाद ओढवून घेण्यापेक्षा स्वतःचा नाव लावलेला पुढचा पडदा सोबत नेणे शहाणपणाचे. त्यासाठी ड्रमचे माप आधी विचारावे, कारण २२ इंच हे माप प्रचलित असले तरी २० आणि २४ इंची ड्रमही आढळतात. पडदा बदलायला मालकाची परवानगीही आधीच घ्यावी.

जुने नाव काढायचे असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राने हलकी ऊब द्यावी आणि व्हिनाइल पडद्यालगत, सावकाश ओढावे. उष्णता फार झाली तर पॉलिएस्टर वाकते. उरलेला गोंद अल्कोहोलने निघतो.

नाव लावण्यापूर्वी ड्रमवर दहा ठोके देऊन ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावेत. लावल्यानंतर त्याच जागी, त्याच ताणावर पुन्हा दहा द्यावेत. दोन्ही आवाजांत फरक ऐकू आला नाही, तर काम नीट झाले असे समजावे.