जपानी भाषेत इच्छा कशी सांगावी?



कोणतीही नवी भाषा शिकणाऱ्यास आरंभी जी थोडी वाक्ये अवश्य बोलता यावी लागतात, त्यांत ‘मला हे हवे’ आणि ‘मला असे करावयाचे आहे’ ही दोन प्रमुख होत. जपानी भाषेत ती रचणे मुळीच अवघड नाही. अवघड आहे ते, ती कोणाविषयी बोलावीत आणि कोणाविषयी बोलू नयेत हे ओळखणे. म्हणून रचनेचा भाग थोडक्यात आटोपून ह्या दुसऱ्या भागाकडे अधिक लक्ष देण्याचे मी योजिले आहे.

प्रथम वस्तूची इच्छा घेऊ. जपानीत पाण्यास ‘मिझु’ म्हणतात. ‘मला पाणी हवे’ हे वाक्य ‘वाताशि वा मिझु गा होशिइ देस्’ असे होते. ‘वाताशि’ म्हणजे मी. ‘वा’ हा प्रत्यय कोणाविषयी बोलणे चालले आहे ते दाखवितो, ‘गा’ हा सामान्यतः कर्त्याचा प्रत्यय आहे, आणि शेवटी येणारा ‘देस्’ हा नम्रतेसाठी आहे. ‘होशिइ’ हा शब्द मात्र क्रियापद नसून विशेषण आहे. इंग्रजी व्याकरणाच्या वाटेने जपानीकडे जाणारा विद्यार्थी येथे हटकून ठेचाळतो. कारण इंग्रजीत इच्छिणारा कर्ता आणि वस्तू कर्म, त्यामुळे तो ‘गा’च्या जागी कर्माचा ‘ओ’ हा प्रत्यय लावून मोकळा होतो. मराठी माणसास असे होण्याचे वास्तविक कारण नाही. आपण ‘मला चहा हवा’, ‘मला साखर हवी’, ‘मला पाणी हवे’ असे म्हणतो. रूप बदलते ते वस्तूप्रमाणे, मागणाऱ्याप्रमाणे नव्हे. जपानीत लिंगभेद नसल्यामुळे ‘होशिइ’चे रूप बदलत नाही, एवढेच, वाक्यातील मानाचे स्थान तेथेही वस्तूलाच आहे.

क्रियेची इच्छा सांगावयाची असल्यास क्रियापदाच्या नम्र रूपातील ‘मास्’ काढून त्या जागी ‘ताइ’ ठेवावा. ‘नोमिमास्’ म्हणजे पितो. ‘नोमिताइ’ म्हणजे प्यावेसे वाटते. तसेच ‘इकिमास्’ वरून ‘इकिताइ’, जावेसे वाटते. ‘ताबेमास्’ वरून ‘ताबेताइ’, खावेसे वाटते. ‘ताइ’ लागला की क्रियापद विशेषणासारखे चालू लागते. म्हणून नकार ‘नोमिताकुनाइ’ आणि भूतकाळ ‘नोमिताकात्ता’ असा होतो. ह्या रचनेत वस्तूला ‘गा’ लावतात, आणि ‘ओ’ही चालतो.

आता मुख्य गोष्ट. माझ्या धाकट्या भावाला पाणी प्यावयाचे आहे. मराठीत ‘मला’च्या जागी ‘त्याला’ घातले की काम झाले. जपानीत भावाला ‘ओतोतो’ म्हणतात. पण ‘ओतोतो वा मिझु गा नोमिताइ देस्’ असे सरळ विधान केले तर ऐकणाऱ्याच्या कानाला ते खटकते. ‘ताइ’ आणि ‘होशिइ’ हे मनातली अवस्था सांगणारे शब्द आहेत, आणि माझ्या मनातले मला कळते तसे भावाच्या मनातले कळत नाही. मला दिसतो तो त्याचा कोरडा पडलेला घसा, तांब्याकडे वळलेली नजर. तेव्हा जपानी मनुष्य ‘गारु’ हे पद जोडतो: ‘ओतोतो वा मिझु ओ नोमितागात्ते इमास्’. भाव असा की, भावाच्या वागण्यात पाणी पिण्याच्या इच्छेची चिन्हे दिसत आहेत. येथे ‘गा’ जाऊन ‘ओ’ आला, हेही पाहावे; कारण आता हे खरोखरीचे क्रियापद झाले. थंडी, भय, दुःख ह्यांचेही असेच आहे. ‘सामुइ’ म्हणजे मला थंडी वाजते. दुसऱ्यास वाजते ती ‘सामुगारु’.

कादंबरीकाराला मात्र ह्या बंधनातून सुटका आहे. तो आपल्या पात्राच्या मनात शिरून ‘त्याला पाणी प्यावेसे वाटले’ असे बेधडक लिहू शकतो. सर्वज्ञ निवेदकाला व्याकरण दिलेली ही सवलत भाषाशास्त्रज्ञ शिगेयुकी कुरोदा यांनी 1973 साली एका निबंधात विवेचिली आहे.

‘गारु’ हातात आला म्हणून तो सर्वांना लावू नये. लहान मुलास किंवा घरच्या माणसास तो शोभतो. गुरुजनांस लावला तर त्यांचे वागणे आपण पोरासारखे न्याहाळीत आहो असे होईल. त्यांच्याविषयी ‘सेन्सेइ वा काएरिताइ तो ओश्शात्ते इमास्’, म्हणजे ‘गुरुजी परत जावेसे वाटते असे म्हणत आहेत’, असे त्यांच्या शब्दांवर सोपवून बोलावे.

प्रश्न विचारताना अडचण वेगळी. ‘नोमिताइ देस् का?’ हे व्याकरणाने शुद्ध आहे. ज्याचे मन त्यालाच आपण विचारीत आहो. पण वडील माणसास असे विचारणे म्हणजे त्याच्या मनात नको इतके डोकावणे होय. पाहुण्यास ‘ओचा वा इकागा देस् का?’, चहा कसा काय वाटेल, असे विचारतात. आपल्याकडेही ‘चहा हवा का?’ असे विचारणाऱ्या घरी पाहुणा संकोचाने ‘नको’ म्हणतो, आणि ‘चहा घेणार ना?’ म्हटले की बसतो.

दुसऱ्याने काही करावे अशी इच्छा असेल तर क्रियापदाच्या ‘ते’ रूपापुढे ‘होशिइ’ येतो. ‘हाहा नी किते होशिइ’, आईने यावे असे मला वाटते. हा ‘नी’ आणि आपला ‘ने’ ह्यांचे नाते शोधण्याचा मोह पडेल. तो केवळ योगायोग आहे. वडील माणसांस हेही उद्धट वाटते. तेथे ‘ओशिएते इतादाकिताइ’, आपल्या शिकवण्याचा लाभ मला मिळावा, असे स्वतःकडे कमीपणा घेऊन म्हणतात.

आणि स्वतःची इच्छादेखील नुसती टाकून देत नाहीत. आपण दुकानात ‘जरा साखर हवी होती’ असे म्हणतो. गरज आताची, काळ मात्र भूत. जपानी मनुष्य तेवढ्यासाठी वाक्य अपुरे ठेवतो. स्थानकावर तो म्हणतो, ‘क्योतो ए इकिताइ न् देस् गा...’, म्हणजे ‘क्योतोला जावयाचे आहे, पण...’. हा ‘गा’ आरंभीचा नव्हे. त्याचा अर्थ ‘परंतु’. ह्या ‘परंतु’नंतर काही बोलावयाचे नसते; गाडी कोणती व कोठून सुटते, ते ऐकणाऱ्याने सांगावयाचे असते.