प्लेटलेट एका ओळीत, शू पानभर

पोर डेंग्यूने दाखल झालं की फोनवर प्रत्येक नातेवाईक आधी हेच विचारतो, 'प्लेटलेट किती?' माझ्या वहीत प्लेटलेटला दिवसाकाठी एक ओळ पुरायची. पानं भरली ती दोन गोष्टींनी: पोटात किती गेलं आणि शू किती झाली.

वही करायला डॉक्टरांनी सांगितलं. 'आई, सगळं वेळ टाकून लिहा.' (पोरांच्या वॉर्डात येणारी प्रत्येक बाई 'आई'च असते.) दोनरेघी वहीत पट्टीने रकाने पाडले. सिस्टरांनी मापाच्या रेघा असलेली शूची बाटली दिली, तोंडाने घेतलेलं मोजायला औषधाचं झाकण आणि एक ग्लास. मुलाचं वजन वीस किलो. किलोमागे तासाला साधारण एक मिली शू व्हायला हवी, म्हणजे सहा तासांत एकशेवीसच्या आसपास. हा हिशोब मी मुखपृष्ठाच्या आतच लिहून ठेवला. पॅरासिटामॉलचा डोसही तिथेच: किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार तास. आयब्युप्रोफेन द्यायचं नाही, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. रात्री मी घरी गेले आणि आजी थांबल्या, की हे पान कामाला यायचं.

एका रात्रीच्या नोंदी अशा आहेत:

2.10 – ताप 99.4. नारळपाणी 60, निम्मं सांडलं, 30 धरले.
3.40 – शू 70, गडद. हात गरम आहेत.
4.15 – पोट दुखतं म्हणाला. सिस्टरांना सांगितलं.

ताप उतरला तेव्हा घरचे म्हणाले, आता सोडतील. डॉक्टर मात्र त्याच दिवशी जास्त वेळा आले. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुधा ताप ओसरतानाच सुरू होतो, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात कधीतरी, आणि एक-दोन दिवस टिकतो. रक्तवाहिन्यांतून पातळ भाग पोटात, छातीत झिरपतो. रक्त घट्ट होतं, म्हणून हिमॅटोक्रिटचा आकडा चढतो आणि शू आटते. पोटदुखी, सारख्या उलट्या, गार पडलेले हातपाय, गुंगी ही त्याचीच लक्षणं. राऊंडला डॉक्टर वहीवर बोट फिरवत शूच्या रकान्यावर थांबायचे, मग सलाईनच्या थेंबांकडे बघायचे. प्लेटलेट घसरत होत्या, पण रक्तस्राव नव्हता. नुसता आकडा कमी आहे म्हणून सहसा प्लेटलेट चढवत नाहीत, हे मी फोनवर समजावून थकले. एका मावसकाकांनी तरीही पपईच्या पानांचा रस बाटलीत भरून पाठवलाच.

मोजमापाची गंमत मुलाला आधी कळली. बाटली उजेडाकडे धरून तो आकडा ओरडून सांगायचा, शेजारच्या कॉटवरचा मुलगा त्याचा सांगायचा. दोघांची चुरस लागली. न मागता पाणी प्यायला लागले, हा त्या चुरशीचा फायदा.

मग एका दुपारी एकदम दोनशे वीस. मी खूश, पण डॉक्टरांनी सलाईन लगेच कमी करायला लावलं. झिरपलेलं पाणी आता रक्तात परत येत होतं. वरून तेवढंच सलाईन चालू राहिलं तर ते फुप्फुसांत साठतं, दम लागतो. आदल्या दिवशी सलाईन वाढवायला ज्या रकान्याचा उपयोग झाला, तोच आता ते थांबवायला झाला. केसपेपरवर सिस्टरही लिहीत होत्या, पण एका पाळीत अख्खा वॉर्ड सांभाळणाऱ्या बाईला सांडलेलं नारळपाणी कसं दिसणार? ते कॉटपाशी बसलेल्यालाच दिसतं.

डिस्चार्जच्या आधी पायांवर लाल पुरळ उठलं, मधेमधे पांढरे ठिपके आणि जीव नकोसा करणारी खाज. बरं होतानाचं पुरळ आहे, डॉक्टर म्हणाले. शेवटची नोंद कॅलामाइन लावल्याची आहे. पुढच्या पानांवर दोन्ही मुलांनी फुल्ली-गोळा खेळलाय, आणि प्रत्येक डाव माझाच मुलगा जिंकलाय, कारण गुण तोच लिहीत होता.