सूर्य पाठीशी, समुद्र समोर

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून वर येत नाही. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्र पश्चिमेला, आणि सकाळ उगवते ती डोंगरांच्या, माडांच्या मागून. म्हणून समुद्रावरच्या सूर्योदयाचे फोटो काढायचे म्हटले की आपली हौशी मंडळी पुरीचं नाहीतर कन्याकुमारीचं तिकीट काढतात, आणि कोकणात गेली की ट्रायपॉड संध्याकाळी बाहेर पडतो. सकाळी त्याच पुळणीवर कॅमेरा क्वचित दिसतो. मला हे फार खटकतं. सूर्योदयाच्या समुद्रचित्रात सूर्याचं बिंब ही सगळ्यांत किरकोळ बाब आहे. चित्र ठरतं ते पाणी किती ओसरलंय, वाळू किती ओली आहे आणि उजेड कोणत्या अंगानं येतोय यावर.

बिंबाचं माप काढून पाहावं. आकाशात सूर्य जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. 36 मिमी रुंदीच्या सेन्सरवर 24 मिमीच्या लेन्समधून त्याची प्रतिमा पडते सुमारे 0.2 मिमीची, म्हणजे नुसता ठिपका. 200 मिमीची लेन्स लावली तरी दोन मिमीच्या आतच. मोठं तांबडं बिंब हवं असेल तर 400 मिमीच्या पुढे जावं, त्याच्यासमोर एखादी होडी किंवा देवळाचं शिखर धरावं आणि वाळू, लाटा, खडक यांचा नाद सोडावा. रुंद चौकट धरली तर बिंबावर भिस्त ठेवता येत नाही. पुढ्यातल्या वाळूतच काही तरी गवसायला हवं. ही दोन वेगळी चित्रं आहेत, आणि एकाच चौकटीत दोन्ही साधायला गेलं की दोन्ही जातात.

आकाश आणि पाणी यांचा उजेड जुळत नाही, ही या चित्रप्रकाराची सगळ्यांत जुनी अडचण. 1856-57 च्या सुमारास गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकारानं ती आपल्या परीनं सोडवली. त्या काळच्या कलोडियन काचेवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होई, त्यामुळे समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश कोरं पांढरं पडे. ल ग्रेनं काही चित्रांसाठी आकाशाची एक काच आणि समुद्राची दुसरी अशा दोन काचा घेऊन त्या एकाच कागदावर छापल्या, आणि सांधा क्षितिजाच्या रेषेत लपवला. आज आपण वरून काळी, खाली पारदर्शक काच लेन्सपुढे धरतो किंवा कमीजास्त उजेडाचे दोन-तीन फोटो एकत्र करतो, तेव्हा त्याचाच मार्ग चालत असतो. फोटोत फेरफार म्हणजे लबाडी असं म्हणणाऱ्यांनी ल ग्रेची चित्रं जरूर पाहावीत.

क्षितिज कुठे ठेवायचं, यावर मात्र नियम फार झाले. चौकटीचे तीन भाग करावेत हा सल्ला जॉन थॉमस स्मिथ या इंग्रजानं 1797 मध्ये निसर्गचित्रांच्या संदर्भात मांडला होता. आता तो प्रत्येक मोबाइलच्या पडद्यावर रेघा मारून बसला आहे. याउलट जपानचे हिरोशी सुगिमोतो 1980 पासून जगभरचे समुद्र टिपत आले आहेत आणि क्षितिज ठेवतात बरोबर मधोमध. अर्धं पाणी, अर्धं आकाश, बाकी काही नाही. तरी ती चित्रं भरलेली वाटतात, कारण दोन्ही अर्ध्यांना सारखंच वजन आहे. माझा ठोकताळा साधा आहे: आकाशात ढग नसतील तर त्याला जागा देऊ नये, आणि वाळूवर काही घडत नसेल तर खाली झुकू नये. क्षितिज तिरकं मात्र होऊ देऊ नये. एका अंशाचा कलही डोळ्याला सलतो.

पूर्व किनाऱ्याची गोष्ट सरळ आहे, तरी तिथंही दिशा पाहूनच जावं. आपल्या अक्षांशांवर उगवतीची जागा वर्षभरात पूर्वेच्या दोन्ही बाजूंना पंचवीसेक अंश सरकते. पुरीचा किनारा सरळ पूर्वेकडे नव्हे, आग्नेयेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात तिथं सूर्य पाण्यातून येतो, उन्हाळ्यात तो डावीकडे किनाऱ्याच्या अंगाला सरकतो. कोणार्कजवळच्या चंद्रभागेवर माघ सप्तमीला, म्हणजे आपल्या रथसप्तमीला, हजारो लोक पहाटे स्नान करून उगवत्या सूर्याला हात जोडतात. अशा गर्दीत बिंबापेक्षा ओंजळी आणि पाठमोरी माणसं जास्त बोलतात. कन्याकुमारीला समुद्रातला खडक आयताच मिळतो. त्यावरचं विवेकानंद स्मारक 1970 मध्ये उभं राहिलं ते एकनाथ रानड्यांच्या, एका मराठी माणसाच्या चिकाटीनं. पण तिथं सगळ्यांचा फोटो एकच निघतो, कारण उभं राहायची जागा एकच.

आता आपल्याकडे येऊ. कोकणातल्या सकाळच्या समुद्रचित्राची तयारी भिंतीवरच्या कॅलेंडरपासून होते. किनाऱ्यावर जुना हिशोब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, म्हणजे अष्टमीच्या सकाळी सूर्योदयाला पाणी चढलेलं, आणि भांगाचे दिवस असल्यानं फार वर न येणारं. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास ओहोटी, तीही उधाणाची. मुंबई-रायगडकडे हा हिशोब चांगला जमतो. दक्षिणेकडे भरती जरा आधी येते. मुंबईला उधाणात पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, तर चेन्नईला एखादा मीटर. पूर्व किनाऱ्यावर न मिळणारं लांबरुंद ओलं अंगण कोकणात मिळतं ते यामुळे.

उधाणाच्या या दिवसांत आणखी एक योग येतो. पौर्णिमेच्या किंवा तिच्या दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चंद्र पश्चिमेला, थेट समुद्रावर मावळत असतो. सूर्य उगवायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं, हवा स्वच्छ असेल तर, पश्चिम क्षितिजावर करडा-निळा पट्टा दिसतो आणि त्याच्यावर गुलाबी पट्टा. खालचा करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. सूर्य जसा वर येतो तशी ती समुद्रात उतरत जाते. त्या गुलाबीत पूर्ण चंद्र, खाली ओहोटीची आरशासारखी वाळू, आणि आकाशाचा उजेड चंद्राच्या उजेडाशी जवळजवळ जुळलेला. ल ग्रेला दोन काचा वापरून जे साधावं लागलं, ते इथं एका फोटोत बसतं. पुरीला जाऊन पूर्वेकडे टक लावून बसलेल्याच्या पाठीमागेही ही सावली असते, पण तिथं ती घरांवर आणि हॉटेलांवर पडते.

मग ऊन येतं, आणि तेही उलट्या दिशेनं. डोंगराची सावली किनाऱ्यावर पडलेली असते, त्यामुळे आधी दूरच्या होड्या उजळतात, मग फुटणाऱ्या लाटांचे शेंडे, मग वाळू. उजेड समुद्राकडून जमिनीकडे चालत येतो. तो लाटांच्या रांगेवर असताना पुढ्यातली वाळू अजून निळीच असते. ऊबदार आणि गार रंग एका चौकटीत राहतात ते तेवढाच वेळ. माझ्या मते कोकणातल्या सकाळचं सर्वांत चांगलं चित्र यात आहे.

जलदुर्गांसाठी तर सकाळच बरी. मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग, राजपुरीहून जंजिरा, अलिबागहून कुलाबा, हे सगळे पश्चिमेला पाण्यात. संध्याकाळी त्यांची नुसती काळी आकृती उरते. सकाळी ऊन समोरून तटावर पडतं, बुरुजांची गोलाई दिसते, दगडांचे थर मोजता येतात. 1664 मध्ये पाया घातलेल्या सिंधुदुर्गाचं बांधकाम दाखवायचं असेल तर दुसरी वेळ नाही. कोणाला पाण्यावरचा सूर्यच हवा असेल तर त्यालाही घराबाहेर फार जावं लागत नाही: मुंबईचं बंदर पूर्वेला आहे. गेटवेसमोर नांगरलेल्या होड्यांमधून तो रोज उगवतो.

हातची कामं थोडक्यात सांगतो. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणला की जवळची शंख-शिंपली, किंवा खेकड्यांनी बिळाभोवती मांडलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या मोठ्या दिसतात. लाट परत फिरताना अर्ध्या ते एका सेकंदाचा वेळ दिला तर फेसाच्या रेघा उमटतात आणि त्या नजरेला आत नेतात. तीस सेकंद दिले की सगळं धुकं होतं, तो प्रकार मला लवकर कंटाळा आणतो. ट्रायपॉडचे पाय वाळूत आधीच दाबून घ्यावेत, नाहीतर पहिली लाटच ते रुतवते. घरी आल्यावर ते गोड्या पाण्यानं धुवावेत.

उरला प्रश्न माणसांचा. मालवणकडे सकाळी रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढतात. दोन्ही बाजूंचे लांब दोर, ओढणाऱ्यांच्या कललेल्या पाठी, मधे फेस: चौकट तयारच असते. पण ते लोक कामावर आहेत. दोराच्या वाटेत ट्रायपॉड रोवू नये, जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत थांबावं, विचारून जवळ जावं. दोराला हात लावला तर कोणी नको म्हणत नाही. वेळासला कासवाची पिल्लं समुद्राकडे सोडतात तेव्हा फ्लॅश बंद ठेवावा आणि आखलेल्या दोरीच्या अलीकडे राहावं; सकाळी पाठीमागून येणाऱ्या तिरप्या उजेडात पिल्लांच्या पायांचे माग वाळूवर स्पष्ट उठतात, लांब लेन्सला तेवढं पुरतं. आणि रापणीचा फोटो चांगला आला तर त्याची छापील प्रत पुढच्या खेपेला त्या वाडीत नेऊन द्यावी.